दलप्रमुख एसेम आणि आमच्या चाळीतले दुसरे दल

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एस. एम. जोशी यांच्यावर भरपूर लिहिले आहे. दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना बहुधा दोन ओळींत उरकले आहे. पर्वतीच्या सत्याग्रहात होते, नामांतराच्या बाजूने होते, माणूस चांगला होता. पण 'चांगला माणूस' ही काही इतिहासाची कोटी नव्हे. इतिहासाने विचारायचे ते असे की, ज्या माणसाच्या हाती एका पिढीचे तरुण होते त्याने त्या तरुणांचे काय केले? १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा एसेम त्याचे पहिले दलप्रमुख झाले. या दलप्रमुखपदाची तपासणी दलितांच्या बाजूने अजून नीट झालेली नाही, ती करण्याचा हा प्रयत्न आहे.

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. मी शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने मुंबईत ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतल्या १२१ वरळीला, ४२ नायगावला, ३२ डिलाईल रोडला आणि उरलेल्या अवघ्या १२ शिवडीला. संख्येने सर्वात लहान वसाहत आमची. (पुनर्विकासातही ती मागेच राहिली, कारण जमीन पोर्ट ट्रस्टची. पण तो वेगळा विषय.) माझे आजोबा शिवडीच्या कापसाच्या गोदामांत गासड्या वाहत. ते रत्नागिरी जिल्ह्यातले. एसेमांचे मूळ गाव गोळप, तेही रत्नागिरीजवळचेच. गावाकडे या दोन घराण्यांतले अंतर किती असेल ते वाचकांना सांगायला नको. आजोबांच्या तरुणपणी परळ-शिवडीच्या पट्ट्यात संध्याकाळी तरुणांना बोलावणाऱ्या संघटना अनेक होत्या. कम्युनिस्टांचे अभ्यासवर्ग होते, सेवादल होते, संघाची शाखा होती. आजोबा यांपैकी कोठेही गेले नाहीत. ते समता सैनिक दलात गेले. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून आणि इतिहास शिकवणारा म्हणून मी त्या निवडीचा विचार पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. एका अंगठाबहाद्दर हमालाने राष्ट्राच्या नावाचे दल सोडून समतेच्या नावाचे दल का निवडले?

प्रथम १९२९ कडे जाऊ. श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ चा, जुन्नरचा. वडील लवकर वारले, शिक्षण ओढाताणीत झाले. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकत असताना ते युवक संघाच्या कामात पडले. सायमन कमिशनचा तो काळ. आणि १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पांडुरंग नथुजी राजभोज हे अस्पृश्य पुढारी, आणि त्यांच्यासोबत न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी असे काही सवर्ण. पेशव्यांनी उभारलेले देवस्थान, सनातनी पुण्याचा तो अभिमानाचा डोंगर. सत्याग्रहींवर दगडांचा मारा झाला, राजभोजांना जबर लागले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. राजभोजांचा जन्म १९०५ चा. म्हणजे राजभोज आणि एसेम अगदी बरोबरीचे, पंचविशीच्या आत-बाहेरचे. एकाच डोंगराच्या पायऱ्या दोघे चढले, एकाच जमावाचे दगड दोघांवर आले. पुढे एक जण राष्ट्र सेवा दलाचा दलप्रमुख झाला आणि दुसरा ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा सरचिटणीस. दोघेही अखिल भारतीय पातळीवरच्या कामात गेले, पण एका संघटनेत नव्हे. ते दोघे एका संघटनेत का राहू शकले नाहीत, या एका प्रश्नात त्या काळाचे राजकारण सामावलेले आहे. पुढे राजभोज १९५२ च्या निवडणुकीत फेडरेशनच्या तिकिटावर सोलापुरातून लोकसभेवर गेले आणि नंतर काँग्रेसवासी झाले. त्यांच्या या प्रवासाबद्दल आपल्याकडे कडवट बोलले जाते, ते अगदी गैर नाही. पण पर्वतीवर ज्याचे डोके फुटते त्याचा आणि ज्याचा फक्त सनातन्यांशी वाद होतो त्याचा पुढचा रस्ता सारखा असू शकत नाही, एवढे तरी मान्य करावे.

एसेमांच्या बाजूने न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पर्वतीचा सत्याग्रह त्यांच्यासाठी सोपा नव्हता. सदाशिव पेठ, शनिवार पेठ येथे राहणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलाला जात सोडून देण्याची किंमत जातीतच मोजावी लागते. ती त्यांनी मोजली. इंग्रजांच्या तुरुंगात जाणाऱ्याला पेठेत हार मिळत होते, पर्वतीवर जाणाऱ्याला शिव्या. या दोन देशसेवांतला फरक एसेमांना तेव्हाच कळला असणार.

त्यानंतर मिठाचा सत्याग्रह, तुरुंग, नाशिकच्या तुरुंगातल्या चर्चा आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष. या काळात जात हा प्रश्न समाजवाद्यांच्या विचारातून मागे सरकत गेला. वर्ग आला की जात जाईल, हे सूत्र तयार झाले. मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते ते या सूत्रवाल्यांना दिसत नव्हते असे नाही. विणखात्यात अस्पृश्याला काम मिळत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्या धाग्याने सवर्ण कामगार बाटत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट जाहीरपणे पुढे केली. परळपासून शिवडीपर्यंतच्या प्रत्येक गिरणीत वर्ग आणि जात एकाच छपराखाली होते, आणि जात ही वर्गाच्या पोटात नव्हती, वर्गच जातीच्या पोटात होता. ज्याला विणखात्याच्या दारातून परत फिरावे लागले त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

याच काळात आमच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तारीख पाहावी. पर्वतीच्या सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा लढा सोडून देऊन देवळाच्या दाराकडे पाठ फिरवायला अस्पृश्य समाज तयार झाला होता. ही तारीख ध्यानात ठेवूनच पुढचे वाचायचे आहे.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची फेरउभारणी झाली. काँग्रेसच्या स्वयंसेवकांची परंपरा जुनी होती. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल काढले होते. पण १९४१ चे सेवादल वेगळ्या गरजेतून आले. १९२५ साली नागपूरला निघालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ महाराष्ट्राच्या पेठापेठांतून मुले गोळा करीत होता. त्याला तोडीस तोड म्हणून मैदान, शाखा, कवायत, खेळ, गाणी, बौद्धिके हे सगळे सेवादलाने घेतले, फक्त आशय बदलला. राष्ट्र हिंदूंचे नव्हे तर सर्वांचे. लोकशाही, समाजवाद, सर्वधर्मसमभाव. एसेम, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर ही त्या पहिल्या वर्तुळातली नावे. नावे वाचली की आडनावे दिसतात आणि आडनावांच्या मागे पुणे दिसते.

साचा दुसऱ्याकडून घेतला की त्याबरोबर त्या साच्याचा पत्ताही येतो, असे मला वाटते. संघाची मुले जेथून येत होती तेथूनच सेवादलाला मुले मिळवायची होती, कारण भांडण त्या मुलांसाठी होते. सदाशिव पेठेतला मुलगा कोणाचा, हा तो सामना होता. शिवडीच्या गोदामातला मुलगा कोणाचा, हा प्रश्न त्या सामन्यात नव्हताच. सेवादलाने त्याला दार बंद केले नव्हते. पण दार उघडे असणे वेगळे आणि कोणी बोलवायला येणे वेगळे. दलप्रमुखाचे काम बोलावण्याचे असते.

आमच्या मुलांना बोलावणारे दुसरे दल तोपर्यंत चौदा वर्षांचे झाले होते. १९२७ साली महाडच्या संगराबरोबर समता सैनिक दल जन्माला आले. त्याची गरजच वेगळी होती. सभा उधळल्या जात, वस्तीवर हल्ले होत, तेव्हा उभे राहायला माणसे हवी होती. सेवादलातला मुलगा चारित्र्य घडवण्यासाठी कवायत करी, समता सैनिक स्वतःची आई-बहीण आणि स्वतःचा पुढारी सुरक्षित राहावा म्हणून कवायत करी. आजोबा सांगत, दिवसभर गासड्या वाहून पाठ मोडलेली असायची, पण सभेच्या दिवशी काठी घेऊन ताठ उभे राहिले की पाठ दुखत नसे. एका बौद्धिकाने जे झाले नसते ते त्या उभे राहण्याने झाले. ज्या माणसाला वाकायचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या दिले गेले त्याच्यासाठी सरळ उभे राहणे हेच राजकारण असते. दोन्ही दलांत काठी होती, शिट्टी होती, रांग होती. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळला नसता.

मग १९४२ आले आणि फरक सगळ्यांनाच कळला. १८ ते २० जुलै १९४२ या तीन दिवसांत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, एन. शिवराज अध्यक्ष होते. तेथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्याच वेळी महिलांची परिषद झाली, समता सैनिक दलाचीही परिषद झाली. यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत तो ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. सेवादलाची मुले जिवावर उदार होऊन त्यात पडली. १० सप्टेंबरला महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तरुण पोरे मेली. त्या हौतात्म्याला कमी लेखण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मात्र महाड हे गाव एकच. १९२७ साली तेथे पाण्यासाठी गेलेल्यांवर लाठ्या पडल्या त्या गावकऱ्यांच्या, १९४२ साली गोळ्या आल्या त्या सरकारच्या. ज्यांच्यावर दोन्हीकडून पडत होते त्यांनी आधी कोणाचा हिशेब करायचा? फेडरेशनचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या उत्तरापायी आमच्या माणसांना 'देशद्रोही' ही शिवी वर्षानुवर्षे ऐकावी लागली, आणि ती देणाऱ्यांत समाजवादीही होते.

एसेम या काळात मुंबईत भूमिगत होते. दाढी वाढवून, इमाम अली हे नाव घेऊन ते वावरत. १९४३ साली पकडले गेले. ही इमाम अलीची गोष्ट समाजवादी मंडळी मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि ती कौतुकाची आहेच. पण ती ऐकताना माझ्या मनात दरवेळी दुसरेच काही येते. मुंबईत खोली मिळावी म्हणून, खानावळीत ताट मिळावे म्हणून नाव चोरणारे आमच्यात किती होते! बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नावच मुळी त्या अनुभवाचे आहे. एसेमांना नाव बदलल्याबद्दल इतिहासात जागा मिळाली. आमच्या माणसाचे चोरलेले नाव उघडे पडले की मार मिळे. भूमिगत होणे ही आमच्या वस्तीला रोजची गोष्ट होती.

स्वातंत्र्याच्या तोंडावर दोन्ही दलांचे रस्ते पुन्हा एकमेकांजवळून गेले, पण भेटले नाहीत. जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासमोर सत्याग्रह सुरू केला. सत्तांतराच्या सौद्यात अस्पृश्यांचे काय, हा त्याचा सवाल. पुढच्या वर्षी साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला, सेवादलाचे कलापथक त्यांच्यासोबत होते, आणि मे १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले झाले. सेवादलाच्या इतिहासातले हे सर्वात उजळ पान समजले जाते. मी ते पान पुसत नाही. साने गुरुजींच्या तळमळीबद्दल शंका घेणारा माणूस स्वतःबद्दलच शंका निर्माण करतो. पण येवल्याची तारीख वाचकांना आठवत असेल. ज्या मागणीकडे अस्पृश्य समाजाने बारा वर्षांपूर्वी पाठ फिरवली होती ती सेवादलाला १९४७ साली नव्याने सापडली. १९४६ साली अस्पृश्य स्वतः जे मागत होते ते राजकीय सत्तेतला वाटा, आणि त्याकडे सेवादलाचे लक्ष नव्हते. आम्हांला काय हवे ते आम्हांला विचारण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या अंतःकरणाला विचारले. अंतःकरण निर्मळ होते, म्हणून उत्तर बरोबर आले असे नव्हे.

कोणी म्हणेल, ते उपोषण अस्पृश्यांसाठी नव्हते, सवर्णांच्या शुद्धीसाठी होते. हा युक्तिवाद मला पटतो. किंबहुना सेवादलाच्या सगळ्या कामाचे खरे वर्णन हेच आहे. सवर्ण तरुणाला माणूस करण्याची ती शाळा होती, आणि त्या शाळेतून माणसे निघाली. आंतरजातीय लग्ने झाली, एका पंक्तीत जेवणे झाली, मिरजोळीचे हमीद दलवाई निघाले, 'एक गाव एक पाणवठा' म्हणत खेडी पालथी घालणारे बाबा आढाव निघाले. पण राष्ट्राच्या नावाचे दल आणि सवर्ण तरुणांची शाळा या दोन गोष्टी एक नव्हेत. एसेमांनी दलप्रमुख म्हणून दुसरी गोष्ट उभी केली आणि तिला पहिलीचे नाव राहू दिले, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

यानंतर मात्र एसेमांच्या कारकिर्दीत असे काही घडते की आक्षेप घेणाऱ्यालाही थांबावे लागते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एसेम तिचे सरचिटणीस झाले. कम्युनिस्ट, शेकाप, प्रजासमाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष त्यांनी एका जुवाला जुंपले. दादासाहेब गायकवाड आणि एसेम एका व्यासपीठावर बसू लागले. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेवर गेले, एसेम पुण्यातून विधानसभेवर. गिरणगावातल्या सवर्ण कामगाराने फेडरेशनच्या माणसाबरोबर एकाच मोर्च्यात घोषणा दिल्या. बौद्धिकांनी जे वीस वर्षांत झाले नव्हते ते एका समान लढ्याने वर्षभरात थोडेफार झाले, असे आमच्या चाळीतली जुनी माणसे सांगत. 'थोडेफार' हा शब्द त्यांचाच.

आणि याच्याही आधी ५ डिसेंबर १९५६ ची रात्र आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेबांनी झोपण्यापूर्वी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना आणि काही टंकलिखित पत्रे पुन्हा पाहण्यासाठी उशाशी मागून घेतली. त्यांतले एक पत्र आचार्य अत्र्यांना होते आणि एक एस. एम. जोशींना. विषय होता नव्या रिपब्लिकन पक्षाचा. सकाळ बाबासाहेबांनी पाहिली नाही.

या पत्राबद्दल आपल्या चळवळीत फार बोलले जात नाही, आणि समाजवाद्यांतही नाही. दोघांना ते अडचणीचे आहे. आपल्याला अशासाठी की, रिपब्लिकन पक्ष केवळ आपला असावा असे बाबासाहेबांच्या मनात नव्हते हे त्यातून उघड होते. समाजवाद्यांना अशासाठी की, बोलावणे आले होते आणि त्यांच्यातला पहिल्या फळीचा कोणी गेला नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हा एसेम प्रजासमाजवादी पक्षातच होते, पुढे ते संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. तीस वर्षांपूर्वी अस्पृश्यांच्या सत्याग्रहात शिरलेला हा माणूस अस्पृश्यांनी काढलेल्या पक्षात शिरू शकला नाही. सत्याग्रहात शिरताना सवर्ण काहीतरी देतो. पक्षात शिरताना त्याला दुसऱ्याचे नेतृत्व घ्यावे लागते. मला वाटते, अडले ते येथे अडले, आणि ते केवळ एसेमांचे अडले असे नाही.

१९७२ साली 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला शिक्षा मोठी आणि दलित स्त्रीच्या अब्रूला दंड किरकोळ, हा त्यातला सवाल सेवादल-परिवाराच्याच साप्ताहिकातून विचारला गेला. वादळ उठले. दलित पँथर त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली होती. ज्या परिवाराने तो लेख छापला तो परिवारच त्याने हादरला, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. राष्ट्र आणि समता ही दोन नावे इतकी वर्षे वेगवेगळ्या दलांच्या फलकांवर होती, ती या लेखात समोरासमोर उभी राहिली.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाडा पेटला. घरे जळली, माणसे मारली गेली, ४ ऑगस्टला पोचीराम कांबळेंचा बळी पडला. अनेक समाजवादी तेव्हा 'सबुरीने घ्या' म्हणू लागले, विकासाचा प्रश्न मोठा की नावाचा, असे विचारू लागले. एसेम तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते, त्यांचा जनता पक्ष सरकारात होता. ठरावाच्या बाजूने उभे राहण्यात त्यांना राजकीय लाभ काहीच नव्हता. ते उभे राहिले, आणि त्यापायी त्यांची जाहीर विटंबना झाली. यावेळी अंगावर येणारे लोक पर्वतीवरच्या सनातन्यांसारखे परके नव्हते. त्यांत त्यांच्याच लोकशाहीच्या भाषेत बोलणारे, शिकलेले, त्यांच्या सभांना आलेले तरुण होते. ज्या वर्गातल्या तरुणांना घडवण्यात त्यांची उमेद गेली, त्याच वर्गातला तरुण बाबासाहेबांच्या नावाला विरोध करीत समोर उभा होता.

एसेमांचे आत्मचरित्र 'मी एस. एम.' यानंतर काही वर्षांनी आले. १ एप्रिल १९८९ रोजी ते पुण्यात वारले. विद्यापीठाच्या फाटकावर बाबासाहेबांचे नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ ला, आणि तेही आधीचे 'मराठवाडा' कायम ठेवून, नामविस्तार म्हणून. त्या रात्री शिवडीच्या आमच्या चाळीत दिवे लावले होते, असे आई सांगते. आजोबांनी समता सैनिक दलाची जुनी काठी काढून दाराशी उभी केली होती.